नाना आणि उरलेले ९५ टक्के

ठमीला पिसवा झाल्याचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. जिन्यात चप्पल घालता घालता घोटा खाजवला आणि "शी बाई, आज पुन्हा चावलं" एवढंच स्वतःशी पुटपुटले. तेवढं पुरलं. समोरचं दार उघडलं आणि नाना बाहेर आले.

"पिसवा," नाना म्हणाले. "साधा उपाय आहे."

असा एक गृहस्थ प्रत्येक सोसायटीत असतो. उपविधींत त्याची तरतूद नसते, पण गच्चीवरच्या टाकीसारखा तो असतोच. आमच्याकडे ते पद नानांकडे आहे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्याला चौदा वर्षं झाली, तरी कुठे काही गळतंय, झिरपतंय, तुंबतंय असा नुसता वास आला की पाहणीला हजर. मूतखडा, मुंग्या, मिक्सरचं भांडं, मुलीचं लग्न, नानांना विषयाची अट नाही. अट एकच, अडचण दुसऱ्याची हवी.

त्यातून प्राण्यांचा विषय म्हणजे त्यांचा हातखंडा. वास्तविक नानांच्या घरी मांजर नाही, कुत्रा नाही, पोपट नाही. नानी गेल्यापासून तिथे सजीव म्हणावं अशी एक तुळस तेवढी आहे. "मांजर म्हणजे घरभर केस आणि घाण. मी उंबऱ्याच्या आत पाऊल टाकू देत नाही," असं ते दर आठवड्याला एकदा तरी ऐकवतात. ठमी त्या वेळी पायरीवर बसून, शेपूट पायाभोवती गुंडाळून, डोळे मिटून ऐकत असते.

नानांच्या उपायांची एक ठरलेली घडण आहे. उपाय नेहमी त्यांच्या आईचा असतो. पुरावा नेहमी चिपळूणकडचा एक माणूस असतो. आणि शेवटी "नैसर्गिक आहे, अपाय नाही" हा शिक्का. त्या चिपळूणच्या माणसाने आजवर इतक्या गोष्टी चोळल्या, प्यायल्या आणि नाकात ओढल्या आहेत, की तो अजून आहे का, हे विचारायचा मला धीर होत नाही. नानांचा उपाय फसत नाही, कारण नाना निकालाला थांबत नाहीत. गुण आला नाही असं आपण सांगितलंच, तर ते दयार्द्र नजरेने विचारतात, "अनशापोटी लावलं होतंस का?"

पहिल्या दिवशी कडुनिंब. पाला त्यांनीच आणला, कापडी पिशवी भरून. तो उकळला, पाणी कोमट केलं, आणि रविवारी सकाळी न्हाणीघरात मी, हातांत जुने पायमोजे चढवलेला नवरा आणि ठमी असे तिघं शिरलो. नाना बाहेर उभे राहून दाराच्या फटीतून सूचना देत होते. "मानेपासून सुरुवात कर. घाबरू नको. तिला कळतं आपण भल्यासाठी करतोय ते." तिला कळत नव्हतं. भिजल्यावर ती निम्मी झाली आणि तिचा आवाज दुप्पट. त्याच गडबडीत मी पहिल्यांदा शत्रू नीट पाहिला. पाणी पोटाशी आलं तशा पिसवा अंगावरून वर पळाल्या, आणि कानामागे, हनुवटीखाली, डोळ्यांच्या कडेला गोळा झाल्या, पुरात गावकरी देवळाच्या छपरावर चढावेत तशा. तपकिरी, तिळाहून लहान, दोन्ही बाजूंनी चेपलेल्या. उवांच्या फणीत एक सापडली. ती नखावर धरून दाबली, तर उवेसारखी चिरडेचना. नख सैल केलं आणि गेली! एवढासा जीव, एका उडीत वीतभर जातो. पुढे मग साबणाच्या पाण्याचा मग शेजारी ठेवून फणी त्यात बुडवायची, हे मी शिकले. सतरा मोजल्या. मी मोजत होते तेवढ्यात ठमी नवऱ्याच्या खांद्यावरून गीझरवर गेली आणि दुपारपर्यंत तिथेच बसून राहिली.

"झालं काम," दाराबाहेरून नाना म्हणाले.

तिसऱ्या दिवशी घोटे पुन्हा लाल. मग नानांचे उपाय रोज एक याप्रमाणे येऊ लागले. सीताफळाच्या बियांची पूड. (लहानपणी उवांवर ती खुद्द आमच्याही डोक्याला लावलेली आहे, आणि डोळ्यांत गेली तर काय होतं तेही मला माहीत आहे. नाना म्हणाले, "डोळे मिटून लावायची." मांजराला हे सांगायचं कुणी?) मग वेखंड. मग गळ्यात डांबरगोळ्यांची पुरचुंडी. मग दुधातून लसूण. मांजर दिवसभर स्वतःला चाटत असतं, अंगाला लावलेलं सगळं शेवटी पोटातच जातं, एवढी अक्कल मला होती. त्यामुळे "लावते हं" म्हणून मी पुड्या फडताळात ठेवत गेले. आमच्या फडताळाला आजही एक पिसू फिरकत नाही.

नाना खरे पेटले ते प्लेगवरून. "पिसूला क्षुद्र समजू नकोस. ९७ साली पुणं रिकामं झालं. माझे पणजोबा झोपडी टाकून शेतात राहिले. ह्या मांजरांनी केलं सगळं." १८९७च्या पुण्यातल्या प्लेगबद्दल नाना असं बोलतात, जणू रँडसाहेब त्यांच्याच घराची झडती घेऊन आत्ता खाली उतरलाय. मी म्हटलं, नाना, ती उंदरावरची पिसू, ही मांजरावरची. शिवाय मांजराने त्या बाबतीत झालीच तर मदतच केली. पॉल-लुई सिमाँ नावाचा फ्रेंच डॉक्टर १८९८मध्ये कराचीत प्लेगचा माग काढत होता. त्याला संशय पिसवांचा. त्याने आजारी उंदीर काचेच्या बरणीत ठेवला, पिसवा कमी पडायला नकोत म्हणून हॉटेलातल्या मांजराकडून काही उसन्या घेतल्या, आणि मध्ये जाळी ठेवून शेजारी एक धडधाकट उंदीर सोडला. दोघे एकमेकांना शिवू शकत नव्हते. पिसवा मात्र जाळीतून ये-जा करू शकत होत्या. काही दिवसांत दुसराही मेला. एवढं सिद्ध करूनही लोकांनी कित्येक वर्षं त्याला हसण्यावारी नेलं.

नाना गप्प झाले. मला वाटलं, पटलं. मग खोल सुस्कारा टाकून म्हणाले, "बघ. जाणत्या माणसाचं कोणी ऐकत नाही."

दुसऱ्या दिवशी ते एक नळी घेऊन आले. भाच्याकडच्या लॅब्राडॉरची. "मानेवर दोन थेंब टाकायचे. कुत्र्याचं आहे, पण मांजर म्हणजे काय, अर्धा कुत्रा. निम्मं टाक." हा मात्र त्यांचा पहिलाच उपाय, ज्यात आईही नव्हती आणि चिपळूणही नव्हतं. म्हणून मला जास्त भीती वाटली. नळी पर्समध्ये घातली, ठमीला टोपलीत घातलं आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाई गाठल्या.

बाईंनी नळीवरचा घटक वाचला आणि ती सरळ टेबलाच्या खणात टाकली. "परमेथ्रिन आहे यात. कुत्र्याला चालतं. मांजराच्या यकृतात ते पचवायची सोय नाही. झटके येतात, जीवही जातो. निम्मं आणि पाव असलं काही नसतं." मग त्यांनी ठमीच्या पाठीवरचे केस उलटे फिरवून मिऱ्याच्या भरडीसारखे काळे कण ओल्या कापसावर घेतले. पाहता पाहता कणांभोवती तांबूस कडं पसरलं. "माती नाही ही. पिसूची विष्ठा. म्हणजे ठमीचंच वाळलेलं रक्त." ठमीने मान फिरवली. शेपटीखाली तांदळाच्या कणीसारखं काही दिसतं का, हेही त्यांनी पाहिलं. चाटताना पिसू गिळली की तिच्यातून पट्टकृमी पोटात जातात म्हणे.

"अंगावर दिसतात त्या फार तर ५ टक्के," बाई म्हणाल्या. "बाकी ९५ टक्के तुमच्या घरात आहेत. एक मादी दिवसाला चाळीसेक अंडी घालते. ती चिकटत नाहीत, घरंगळतात. फटीत, गादीत, सतरंजीत. अळ्या तिथेच वाढतात आणि मग कोश करतात. कोशाला औषध लागू पडत नाही. तो महिनोन्महिने पडून राहतो. ऊब लागली, पावलांचा हादरा बसला, आपला श्वास जाणवला, की आतली पिसू उठते आणि बाहेर येते."

मला एकदम आमच्या समोरचं दार आठवलं.

उपाय साधा नव्हता. ठमीचं वजन करून मांजराचेच थेंब, जीभ पोचणार नाही अशा जागी, मानेच्या मागे थेट कातडीवर, दर महिन्याला एकदा. रोज घरभर झाडणी, चादरी कढत पाण्यात. निदान तीन महिने. "आणि ती दिवसभरात जिथे जिथे झोपते, त्या सगळ्या जागा साफ व्हायला हव्यात." मी घरी येऊन यादी केली. सोफा, इस्त्रीच्या कपड्यांची चळत, नवऱ्याचं लॅपटॉपचं दप्तर. एक ते चार ती कुठे जाते, हे तेवढं लागलं नाही. चारला परत यायची तेव्हा अंगाला उदबत्तीचा वास असायचा. एकदा मिशीला साय होती. आम्ही वॉचमनवर संशय घेतला.

नानांना मी सगळं सांगितलं, यकृतासकट. "बायकी डॉक्टर," ते म्हणाले, म्हणजे नेमकं काय कोण जाणे. वाकून त्यांनी पोटरी खाजवली. ऐन एप्रिलमध्ये पायांत लोकरीचे मोजे होते. "पित्त उठतं उन्हाळ्यात. आमसुलाचं पाणी लावतो."

मेच्या मध्याला नाना लेकीकडे नाशिकला गेले ते आमरस संपेपर्यंत. सहा आठवडे जिना शांत होता. ठमी मात्र रोज एक वाजता समोरच्या बंद दारापाशी जाऊन बसायची. आम्हाला वाटलं, फरशी गार असेल. जूनच्या अखेरीला फणीत काही सापडेना. ओल्या कापसावर कापसाचाच रंग. नवऱ्याने आनंदाने श्रीखंड आणलं.

त्याच रात्री नाना परतले. पाऊस लागलेला, हवा दमट. बॅगा ओढल्याचा, दार उघडल्याचा, खिडक्या ढकलल्याचा आवाज आला. मग बराच वेळ पावलांचा, भरभर, इकडून तिकडे. साडेदहाला बेल वाजली.

नाना दारात उभे. पायजम्याची टोकं मोज्यांत खोचलेली. पांढऱ्या मोज्यांवर काहीतरी बारीक काळं टणाटण उडत होतं.

"ते थेंब," नाना हळू आवाजात म्हणाले, "माणसाच्या मानेला चालतात का गं?"

मी काही म्हणायच्या आत ठमी माझ्या पायांतून निसटली, त्यांच्या पायांतून पलीकडे गेली, आणि दिवा शोधावा लागला नाही अशा सवयीने त्यांच्या खिडकीखालच्या दिवाणावर चढली. गादीच्या मधोमध मांजराएवढा खळगा होता. त्यात ती बरोबर बसली. दिवाणाखाली स्टीलची वाटी होती, घासून लख्ख केलेली. कडेला नानींचं नाव कोरलेलं.

आम्ही दोघांनीही वाटीकडे पाहिलं नाही.

"सहा आठवडे कोश पडून होते, नाना. तुम्ही चाललात, ते उठले," मी म्हटलं. "चादरी धुवा, दिवाणाच्या फटी झाडा, रोज. आणि ठमीच्या अंगावर आता औषध आहे. जी पिसू तिच्यावर उडी मारेल ती मरेल. म्हणजे दुपारी दोन-तीन तास तिला तुमच्याकडे झोपू द्यायचं. तीन महिने."

नाना ताठ झाले. "मांजर? आमच्या घरात? उंबऱ्याच्या आत?"

"उपाय आहे, नाना."

त्यांनी दिवाणाकडे पाहिलं. ठमीने एक डोळा उघडून मिटला.

"औषध म्हणून घेईन," नाना म्हणाले आणि मोजे झटकत आत गेले.