राहिलेले दोन अंश

नव्या टीव्हीच्या खोक्यावर इंच मोठ्या अक्षरांत छापलेले असतात, किंमत त्याहून मोठ्या अक्षरांत आणि सोबत फुकट मिळणारी वस्तू सगळ्यांत मोठ्या. यातलं मी काहीच वाचत नाही. मी थेट खोक्याच्या मागे जातो, चष्मा कपाळावर चढवतो आणि तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेली ओळ शोधतो: व्ह्यूइंग अँगल १७८ अंश. ती सापडली की माझा पाय तिथून निघत नाही. दुकानातल्या पोराला वाटतं, काकांना भोवळ आली.

१७८. म्हणजे १८० नाही. १८० म्हणजे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सगळं आलं. त्यातले दोन अंश यांनी स्वतःहून सोडले. जिथे किंमत ३९,९९० लिहून दहा रुपये सोडल्याचा आव आणतात, त्या बाजारात कुणीतरी मोजूनमापून फक्त दोन अंशांवर पाणी सोडतं, केवढा हा प्रामाणिकपणा! मी हिशेब मांडला. एक अंश डावीकडचा, एक उजवीकडचा. टीव्हीपासून भिंतीला धरून पाच फूट सरकलं तर एक अंश म्हणजे भिंतीपासून जेमतेम इंचभर. तेव्हा खोक्याच्या म्हणण्याप्रमाणे, ज्याला हा टीव्ही दिसणार नाही असा घरात एकच जीव उरतो, भिंतीवरची पाल. आणि तिचं लक्ष ट्यूबलाइटकडे असतं. तिची तक्रार यायची नाही.

बाकी सर्वांना उत्तम दिसणार. ठीक. आता हा टीव्ही लालबागच्या चाळीत नेऊ.

दहा बाय सोळाची खोली. टीव्ही कुठल्या भिंतीवर लावायचा, हा प्रश्न तिथे पडतच नाही. एका भिंतीला दार, एकीला खिडकी, एकीवर देव्हारा; राहिली ती टीव्हीची. (तिच्यात खिळा ठोकला तर तो पलीकडच्या बिऱ्हाडातल्या कॅलेंडरमधून बाहेर येतो, पण तो वेगळ्या लेखाचा विषय.) टीव्हीच्या बरोबर समोर एकच खुर्ची मावते, तिच्यात आजोबा. आजींची कॉट टीव्हीच्याच भिंतीला लागून, कारण दुसरीकडे टाकली तर दार उघडत नाही. आजी पन्नास वर्षं मान वळवून बघतायत. सूनबाई आतल्या खोलीच्या उंबऱ्यावर, अर्धा कान कुकरच्या शिट्टीकडे. नातू पोटमाळ्यावर पालथा, तिथून खाली डोकावतोय. आणि गॅलरीच्या खिडकीशी शेजारच्या काकू, ‘बसत नाही गं, निघालेच’ म्हणत मालिका संपेपर्यंत उभ्या. माणसं पाच, कोन पाच, आणि समोर बसलेला एकटा.

मग घरात टीव्ही एक आणि कार्यक्रम पाच असा मामला सुरू होतो. नायिकेची पैठणी आजोबांना गर्द जांभळी दिसते, सूनबाईंना वांगी रंगाची, आजींना धुवट मोरपंखी आणि काकूंना खिडकीतून जी दिसते तिला रंग म्हणावं की डाग, यावर दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळेला गॅलरीत वाद रंगतो. खलनायक समोरून काळाकभिन्न, उंबऱ्यावरून बघितला तर नुसता आजारी. त्याची कीव येऊन सूनबाई त्याची बाजू घेतात, आणि आजोबांना कळत नाही की हिला या नराधमाबद्दल एवढं का वाटतं. क्रिकेटची मॅच असली तर विचारूच नका. आजोबांना खेळपट्टीवर गवत दिसतं, म्हणून ते म्हणतात पहिली बोलिंग घ्यायला हवी होती. पोटमाळ्यावरून तीच खेळपट्टी पांढरीफटक, म्हणून नातू म्हणतो चौथ्या डावात चेंडू हातभर वळणार. आजोबा म्हणतात तुला क्रिकेटमधलं काही कळत नाही, नातू म्हणतो तुम्हाला मोतीबिंदू झालाय, आजी मधे पडतात, त्यांना तर मैदानच राखाडी दिसत असतं, त्यांना वाटतं पाऊस आला. त्या उठून गॅलरीत वाळत घातलेले कपडे काढायला जातात. कुणीच खोटं बोलत नसतं. आणि एवढं सगळं १७८ अंशांच्या आत, कारण खोक्यावर लिहिलेलं आहे.

ट्यूबच्या टीव्हीने हे कधी केलं नाही. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबईत टीव्ही सुरू झाला, वरळीहून संध्याकाळचे काही तास चित्रं येऊ लागली, तेव्हा गिरगावातल्या वाड्यांत चाळीला एखाददुसरा संच. लाकडी पेटी, खाली चार पाय, पुढे सरकती झडप. यजमान मधोमध, मग पाहुणे, मग पोरं जमिनीवर, मग दारात, मग खिडकीच्या गजांशी. उशिरा येईल तो कडेला. पण कडेला बसलेल्याचं नुकसान मानेचं व्हायचं, डोळ्यांचं नव्हे. चित्र सगळ्यांना तेच. १९८२ मध्ये रंग आले, तेही गजांशी उभ्या असलेल्या पोराला समोरच्या यजमानाइतकेच आले.

आता कुणी मला आठवणी काढून उसासे टाकणाऱ्यांत ढकलू नये. टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल आणि कौलांवरची अँटेना यांच्यावर इतरांनी भरपूर रडून घेतलंय. ट्यूबचा टीव्ही हा बोजड, खोली अडवणारा, उन्हाळ्यात वर आणखी ऊब देणारा प्राणी होता. त्याच्या काचेत शिसं होतं, आणि आजही तो चाळीच्या जिन्याखाली पडून असतो, कारण भंगारवाला आतलं तांबं काढून नेतो आणि काच तुम्हालाच ठेवून जातो. एक्स्चेंज ऑफरवाल्याला तो ‘चालू स्थितीत’ हवा असतो. चालू असता तर मी तुमच्या दारात कशाला आलो असतो? गेला ते बरं झालं. फक्त जाताना तो एक गुण घेऊन गेला, आणि त्याचं कुणाला सुतक नाही.

गुण साधा होता. ट्यूबच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप असतो. मागून इलेक्ट्रॉनचा मारा झाला की लेपाचा तेवढा ठिपका स्वतः उजळतो, आणि स्वतः उजळलेली वस्तू समोरचा-कडेचा असा भेद करत नाही. प्लाझ्माचंही तेच. तो वीज खायचा, तापायचा, २०१४ च्या सुमारास मोठ्या कारखान्यांनी त्याचा नाद सोडला, पण कडेच्या माणसाला त्याने हिणवलं नाही. एलसीडीचा पडदा स्वतः उजळतच नाही. मागे दिवा, पुढे द्रवस्फटिकांचा थर. कुठून किती उजेड सोडायचा ते हा थर ठरवतो, आणि ठरवतो ते समोरच्या माणसाच्या हिशेबाने. तिरका उजेड त्यातून भलत्याच प्रमाणात निसटतो. काळं राखाडी होतं, लाल फिकुटतं.

मग १७८ आले कुठून? ऐका. पांढरा काळ्याच्या किती पट उजळ आहे, तो कॉन्ट्रास्ट. बऱ्या पॅनेलला समोरून तो तीन हजार पट भरतो. आता एकेक अंश बाजूला सरकायचं, आणि तो दहा पटीवर येईपर्यंत ‘दिसतंय’ असं लिहीत जायचं. दहा! तीन हजारांतले दोन हजार नऊशे नव्वद वाटेत सांडले तरी दिसतंय. रंगांचं काय झालं, हे विचारायचंच नाही. तो प्रश्न अभ्यासक्रमात नाही. दादरला सुटत्या लोकलच्या दांड्याला दोन बोटं लागलेल्या माणसाची नोंद ‘खिडकीशी बसून प्रवास’ अशी करावी, तशी ही मोजणी.

इथपर्यंत मी हसत होतो. पण पुढचं हसण्यासारखं नाही. एलसीडी पॅनेलच्या मुख्य जाती दोन. एक व्हीए: समोरून काळं गडद, बाजूने उतरतं. दुसरी आयपीएस: काळं जरा राखाडी, कॉन्ट्रास्ट हजाराच्या आसपास, पण बाजूने रंग बराच टिकतो. अंधार करून एकट्याने सिनेमा बघणाऱ्याने पहिली घ्यावी. आमच्याकडे अंधार कधी होतो? ट्यूबलाइट चालू, कारण कुणाची तरी परीक्षा असते. दार उघडं, कारण वारा तिथूनच येतो. पूर्ण काळोख होतो तो वीज गेल्यावर, आणि तेव्हा टीव्हीही गेलेला असतो. आमची जात दुसरी, हे शेंबडं पोरही सांगेल. तर मग आता खोक्यावर शोधा, आत कुठली जात आहे ते. समोर बघा, मागे बघा, खोकं उलटं करा. बहुतेक वेळा सापडणार नाही. पाच रुपयांच्या बिस्किटपुड्यावर पाम तेल लिहावं लागतं, आणि चाळीस हजारांच्या टीव्हीवर ‘सिनेमॅटिक’ लिहून भागतं. त्यातही एकाच मॉडेलच्या ४३ इंचात एक जात आणि ५५ इंचात दुसरी निघू शकते. म्हणजे तुम्ही शेजाऱ्याकडे जाऊन, मान तिरकी करून, खात्री करून घेतलीत, आणि थोडा मोठा बरा म्हणून ५५ इंच आणलात, की तुम्ही भलताच टीव्ही आणलात. हे विसरणं नव्हे, हे लपवणं आहे. ज्याला समोर बसायला जागा आहे त्यालाच गिऱ्हाईक मानायचं, आणि पैसे मात्र कॉटवरच्या, उंबऱ्यावरच्या, पोटमाळ्यावरच्या माणसांच्या घरातून हप्त्याहप्त्याने वसूल करायचे, याला सरळ मराठीत फसवणूक म्हणतात.

वर नावं बघा. आधी एलसीडी होता. मागच्या बारीक ट्यूब काढून एलईडी दिवे बसवले, लगेच ‘एलईडी टीव्ही’ असं बारसं झालं. पडदा तोच, स्फटिक तेच. मग दिव्यापुढे क्वांटम डॉटचा थर आला, झाला क्यूएलईडी. क्वांटम डॉटच्या शोधाला २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, त्याबद्दल आदर आहे. पण त्या नोबेलमुळे आजींना कॉटवरून दिसायला लागलं असं नाही. मग दिवे लहान केले, नाव मिनी एलईडी. चार नावं, चार किमती, आणि उंबऱ्यावरून चौघांचाही चेहरा उतरलेलाच.

ओलेड आहे, मान्य. त्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, ट्यूबसारखा, आणि कडेने बघितलं तरी चित्र बरंचसं जागेवर राहतं. पण त्याच्या किमतीत आमच्याकडे लग्नातलं जेवण उरकतं, आणि एकच स्थिर चित्र तासन् तास दाखवलं तर त्याचा डाग पडद्यावर राहू शकतो. ज्या घरात सकाळी सातपासून बातम्यांचं चॅनेल चालू असतं आणि खालची लाल पट्टी आजोबा जेवतानाही बदलू देत नाहीत, त्या घरात ‘आत्ताची सर्वांत मोठी बातमी’ ही कायमची बातमी व्हायची.

टॉवरवाल्यांनी हसू नये. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीत जो हॉल मिळतो, त्यात एल आकाराचा सोफा बसतो, आणि त्या एलचा आडवा दांडा टीव्हीला काटकोनातच असतो. तिथे सासूबाई बसतात. चाळ सुटली, कोन सुटला नाही.

तेव्हा परळचा असो वा गिरगावचा, टीव्ही घ्यायला निघालेल्याने टेप नव्हे, मुलाच्या कंपासपेटीतला कोनमापक न्यावा. दुकानात पडद्यावर कापलेली फळं, पोपट आणि निळा समुद्र चालू असेल. ते बंद करायला सांगावं. आपल्याकडे पोपट नाही, केबलची मालिका असते, तीही साध्या पॅकमधली, ७२० बाय ५७६ ठिपक्यांची. फोर-केच्या पडद्यावर ३८४० बाय २१६० ठिपके, म्हणजे बरोबर वीसपट. मालिकेतला एक ठिपका वीस घरांत वाटून दिला जातो, तेव्हा नायिकेच्या नाकाची मैद्याची पोळी होणार, आणि वर ‘पैसे पूर्ण पडद्याचे दिलेत’ म्हणून आपण जुना चौकोनी सिनेमा आडवा ताणून बघणार, म्हणजे तिचे गालही गेले. ती मालिका लावायला सांगावी आणि मग समोर न थांबता बाजूला जावं. पोरगा हात धरून मधल्या गालिचावर ओढेल. जाऊ नये. शेजारच्या टीव्हीला जवळजवळ पाठ टेकून, आजींच्या कॉटच्या कोनातून, मान वळवून बघावं.

आणि विचारावं, बाबा रे, यात पॅनेल कुठलं? व्हीए की आयपीएस?

मी विचारलं. त्याने खोकं बघितलं, मोबाइल बघितला, काउंटरवरच्या शेटजींकडे बघितलं. शेटजींनी पंख्याकडे बघितलं. मग पोरगा माझ्याजवळ आला आणि आवाज उतरवून, घरातल्यासारखं म्हणाला, “काका, यात यूट्यूब चालतं.”