मुद्दल, व्याज आणि खाऊचे पैसे

तैत्तिरीय संहितेत माणसाच्या जन्मजात ऋणांचा जो उल्लेख येतो, त्यानुसार ऋषींचे ऋण अध्ययनाने, देवांचे यज्ञाने आणि पितरांचे प्रजोत्पादनाने फिटते. यांपैकी तिसऱ्या ऋणाच्या फेडीत एक गोम आहे आणि तिचा विचार धर्मशास्त्रापेक्षा बँकांच्या गृहकर्ज विभागाने अधिक बारकाईने केलेला दिसतो. पितृऋण फिटल्याचे पेढे वाटून होतात न होतात तोच वन रूम किचनमध्ये पाळणा कोठे ठेवायचा हा प्रश्न उभा राहतो, त्यातून टू बीएचकेची निकड निर्माण होते, आणि ज्या अपत्याने एका ऋणातून सोडवले त्याच्याच सोयीसाठी दांपत्य वीस वर्षांच्या दुसऱ्या ऋणात शिरते.

प्रस्तुत विवेचन ठाणे, पुणे, नाशिक अशा शहरांतल्या, नवरा-बायको दोघेही नोकरी करणाऱ्या आणि दहा वर्षांच्या आतली एक-दोन मुले पदरी असलेल्या घरांपुरते मर्यादित आहे. अशा घरात गृहकर्ज सहसा एकटे नांदत नाही. त्याच्या आडोशाला कर्मचारी पतसंस्थेचे कर्ज असते, ज्याला कचेरीत नुसते ‘सोसायटी’ म्हणतात आणि ज्याचा हप्ता पगार हाती पडण्यापूर्वीच कापला जातो. शिवाय क्रेडिट कार्डाची थकबाकी असते, मुद्रांक शुल्काच्या वेळी गहाण पडलेल्या पाटल्या असतात, आणि ‘दिवाळीपर्यंत देतो’ या बोलीवर मेहुण्याकडून घेतलेले हातउसने असते, ज्यात कोणती दिवाळी हे दोन्ही पक्षांनी भिडेखातर स्पष्ट केलेले नसते.

गृहकर्जाचा मासिक हप्ता दरमहा समान असला तरी त्याच्या पोटातली वाटणी समान नसते, ही गोष्ट कर्जदाराला साधारणपणे पहिले वार्षिक विवरणपत्र हाती आल्यावर कळते. तीस लाख रुपये साडेआठ टक्के दराने २० वर्षांसाठी घेतले, तर हप्ता सुमारे २६,०३५ रुपयांचा बसतो. त्यातले पहिल्या महिन्यात २१,२५० रुपये व्याजापोटी जातात आणि मुद्दल, म्हणजे मुळात उचललेली रक्कम, उतरते ती अवघ्या ४,७८५ रुपयांनी. पाच वर्षे एकही हप्ता न चुकवता साडेपंधरा लाखांहून अधिक रक्कम भरल्यावर मुद्दलातले साडेतीन लाखांच्या आसपास रुपये कमी झालेले आढळतात, आणि निम्मे मुद्दल फिटायला जवळजवळ चौदा वर्षे लागतात. म्हणजे कर्ज मंजूर झाले त्या महिन्यात जन्मलेले मूल त्या सुमारास नववीत असते आणि चक्रवाढ व्याजाचे गणित आईबापांना समजावून सांगण्याच्या, किंवा सांगण्यास साफ नकार देण्याच्या, वयाला पोचलेले असते.

यावर शहाण्या माणसांनी सांगितलेला उपाय मुदतपूर्व अंशतः परतफेडीचा, ज्याला बँकेच्या खिडकीवर ‘पार्ट पेमेंट’ म्हणतात. तरत्या, म्हणजे बाजाराबरोबर वरखाली होणाऱ्या, व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर अशा परतफेडीबद्दल दंड आकारू नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ सालीच बजावलेले असल्यामुळे ही वाट मोकळी आहे. वरील उदाहरणात पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक लाख रुपये जादा भरले, तर शेवटचे सुमारे अठरा हप्ते गळतात आणि साडेतीन लाखांवर व्याज वाचते. तेच लाख रुपये पंधराव्या वर्षाच्या अखेरीस भरले, तर जेमतेम सहा हप्ते कमी होतात. तात्पर्य, रुपयाच्या अंगी सर्वांत जास्त बळ असते ते कर्जाच्या पहिल्या पाच-सहा वर्षांत, आणि नेमक्या याच पाच-सहा वर्षांत पाळणाघर, डायपर, खासगी दवाखान्यातल्या लशी आणि नर्सरीचा प्रवेश ही मंडळी त्या रुपयाची वाट अडवून उभी असतात. बँक आणि बालक या दोघांनीही आपापली वसुली आरंभीच उरकून घेण्याचे धोरण स्वीकारलेले आहे. फरक एवढाच की बँक निदान वेळापत्रक देते.

बालकाच्या वसुलीला वेळापत्रक नसते, आणि घरातल्या कर्जफेडीच्या बहुतेक आराखड्यांचे घोडे येथेच पेंड खाते. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात आईवडील जेवणानंतर कॅल्क्युलेटर घेऊन बसतात, बाहेरचे जेवण बंद, दोनपैकी एक ओटीटी बंद, असे कठोर ठराव करतात, त्यातून अडीच हजारांची शिल्लक कागदावर उभी करतात आणि तिच्याखाली समाधानाने दोन रेघा ओढतात. त्याच सुमारास आतल्या खोलीत झोपलेले समजले गेलेले मूल उठून येते आणि उद्या शाळेत ‘यलो डे’ आहे, पिवळा शर्ट, पिवळे फळ आणि पिवळ्या कार्डपेपरचे सूर्यफूल आणायला सांगितले आहे, हे वृत्त रात्री साडेनऊला जाहीर करते. स्टेशनरीचे दुकान बंद व्हायला तेव्हा अर्धा तास उरलेला असतो. शर्ट, केळी आणि कार्डपेपर यांची बेरीज फार होत नाही हे खरे, परंतु यलो डेच्या मागून ग्रीन डे येतो, त्याच्या मागून वेशभूषा स्पर्धा येते, जिच्यासाठी शिवाजी महाराजांचा जिरेटोप भाड्याने आणावा लागतो आणि त्यावर अनामत रक्कम ठेवावी लागते, आणि मग वर्गातल्या कोणाचा तरी वाढदिवस येतो, ज्यात भेट द्यावी लागते आणि बदल्यात ‘रिटर्न गिफ्ट’ म्हणून मिळालेली पेन्सिलपेटी पुढच्या वाढदिवसाला द्यावी की नाही यावर उभयतांत नैतिक स्वरूपाचा वाद होतो. शाळेच्या फीबद्दल येथे थोडक्यातच लिहिणे इष्ट. कॅपिटेशन फी, म्हणजे प्रवेशाच्या बदल्यात घेतले जाणारे देणगीवजा शुल्क, महाराष्ट्राने १९८७ साली कायद्याने बंद केले. तेव्हापासून पालकांच्या शब्दसंग्रहात उपक्रम शुल्क, सत्र शुल्क, विकास निधी अशी मोलाची भर पडत आली आहे.

आराखडा इतका डळमळीत असताना वरून दर हलला की काय होते, हे मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात असंख्य घरांनी पाहिले. रेपो दर, म्हणजे ज्या दराने रिझर्व्ह बँक इतर बँकांना अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला आणि त्याला बांधलेली गृहकर्जे त्याच्या पाठोपाठ चढली. साडेसहा टक्क्यांनी वीस वर्षांसाठी घेतलेल्या तीस लाखांचा हप्ता सुमारे २२,३६७ रुपये. दर नऊ टक्के होताच त्याच तीस लाखांचे नुसते महिन्याचे व्याज २२,५०० रुपये भरते. हप्ता तोच ठेवला तर कर्जदार नियमितपणे पैसे भरत राहतो आणि कर्ज नियमितपणे वाढत राहते. बँका अशा वेळी हप्त्याला हात न लावता गुपचूप मुदत लांबवत, आणि साठीच्या पलीकडे गेलेल्या हप्त्यांची वार्ता कर्जदाराला योगायोगानेच समजे. म्हणून ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने हप्ता वाढवायचा की मुदत हे कर्जदाराला विचारण्याचे बंधन घातले. विचारले जाते हे सौजन्यच आहे.

अनेक कर्जांपैकी आधी कोणते फेडावे, याविषयी अर्थशास्त्र निःसंदिग्ध आहे: ज्याचा व्याजदर सर्वाधिक ते आधी. त्यानुसार पहिला मान क्रेडिट कार्डाच्या थकबाकीचा, कारण तिच्यावर दरमहा तीन-साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांच्या घरात, व्याज चढते, आणि ‘किमान देय रक्कम’ भरून सुटल्यासारखे वाटते तेवढेच. बिनव्याजी असल्यामुळे मेहुण्याच्या पैशांचा क्रमांक शेवटचा लागायला हवा. प्रत्यक्षात बहुसंख्य घरांत बोनस आला की सर्वांत आधी मेहुण्याचे पैसे जातात, कारण त्यांच्यावर रुपयांत व्याज नसले तरी भाऊबिजेला ताटात ओवाळणी टाकताना मेहुणा जे काही बोलत नाही, ते चाळीस टक्क्यांहून महाग पडते. या वर्तनाला अविवेकी म्हणण्याची पाठ्यपुस्तकांची रीत आहे. पाठ्यपुस्तके लिहिणाऱ्यांना मेहुणे नसावेत.

व्याजाच्या ओझ्याने वाकलेला गृहस्थ कधीकधी जेवणाच्या सुट्टीत कायद्याकडे वळतो आणि तेथे त्याला दामदुपट सापडतो. हिंदू धर्मशास्त्रातल्या या नियमाप्रमाणे धनको, म्हणजे कर्ज देणारा, एका वेळी मुद्दलापेक्षा अधिक व्याज वसूल करू शकत नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात तो येतो आणि मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी इंग्रजी अमदानीतही तो मानला. साडेआठ टक्क्यांच्या तीस लाखांवर वीस वर्षांत ३२ लाखांहून अधिक व्याज जाते हे ठाऊक असल्याने गृहस्थाचे डोळे चमकतात. परंतु ही मर्यादा थकून साचलेल्या व्याजाच्या एकरकमी वसुलीला आहे, महिन्यामागून महिना सुखरूप भरत गेलेल्या व्याजाला नाही. अर्थात जो वेळेवर भरतो त्याला मनूही वाचवत नाही. सन १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुपे येथे गांजलेल्या शेतकऱ्यांनी सावकारांचे रोखे जाळले, आणि त्या दंग्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला. आजच्या पगारदार ऋणकोजवळ जाळण्याजोगा रोखाही नसतो. मूळ कागद बँकेच्या तिजोरीत असतात, आणि परतफेडीच्या तक्त्याची जी प्रत फ्रिजवर चुंबकाने लावलेली असते तिच्या कोऱ्या बाजूवर मेणखडूने एक हत्ती काढलेला असतो. हत्ती चांगला आल्यामुळे तक्ता भिंतीकडे तोंड करून लटकतो.

शासनाची या विषयातली दृष्टी आयकराच्या जुन्या पद्धतीत पाहायला मिळते. सन १९६१ च्या कायद्यातल्या ८०सी या कलमाखाली गृहकर्जाच्या मुद्दलाची फेड आणि दोन मुलांपर्यंतचे शिक्षण शुल्क या दोहोंसाठी मिळून दीड लाखांची एकच वजावट ठेवलेली होती, तीही भविष्य निर्वाह निधी आणि विम्याचा हप्ता यांच्याशी वाटून घ्यायची. मुलांना शिकवणे आणि घर फेडणे ही एकाच खिशातून करायची कामे आहेत, हे कायद्याने इतक्या प्रांजळपणे अन्यत्र कोठे मान्य केले असेल असे वाटत नाही. नव्या पद्धतीत ही वजावट नाही आणि त्यामुळे तो प्रांजळपणाही नाही.

या सर्व कर्जांत एक कर्ज असे आहे की ज्याची नोंद कोणत्याही पतमापन संस्थेकडे होत नाही. घरी आलेले काका, मावशी, आजोळची माणसे निघताना उंबऱ्यात मुलाच्या मुठीत शंभराची किंवा पाचशेची नोट कोंबतात, आईवडील ‘कशाला, कशाला’ असा तोंडी निषेध नोंदवतात, आणि पाहुण्यांची लिफ्ट खाली जाताच ‘दे, मी सांभाळून ठेवते’ या सूत्राने ती नोट हस्तांतरित होते. हे खाऊचे पैसे होत. ते बिनव्याजी, बिनमुदतीचे आणि बिनतारणाचे असतात. दूधवाला, इस्त्रीवाला आणि महिनाअखेरचा गॅस सिलिंडर यांवर ते खर्च होतात. आणि पाहुण्यांच्या मुलांनाही तेवढीच नोट द्यावी लागत असल्यामुळे त्यांतून निव्वळ लाभ होतो असेही नाही. धनको पाच वर्षांचा असल्याने हिशेब मागणार नाही, या समजुतीवर हा व्यवहार उभा आहे, आणि ती समजूत साधारण दुसरीच्या वर्गापर्यंत टिकते. त्यानंतर मूल वहीच्या मागच्या पानावर काकांचे नाव आणि आकडा लिहून ठेवू लागते, आणि दाराजवळचा मातीचा गल्ला हलका का लागतो याची चौकशी पाहुण्यांच्या देखत करते.

कर्ज कधीतरी फिटते, ही गोष्ट अशा घरांत फारशी बोलली जात नाही, तरी ती खरी आहे. शेवटचा हप्ता भरल्यानंतर घराचे मूळ कागद ३० दिवसांच्या आत परत करणे आणि त्यावरचा बोजा उतरवणे धनकोवर बंधनकारक असून, त्याच्या चुकीने उशीर झाल्यास त्याने कर्जदाराला प्रत्येक दिवसामागे ५,००० रुपये द्यावेत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सबब वाचकांनी शेवटच्या हप्त्याची पावती जपून ठेवावी, एकतिसाव्या दिवसाची तारीख कॅलेंडरवर लाल शाईने लिहावी, आणि त्या पानावर कोणी हत्ती काढणार नाही याची काळजी घ्यावी.