दीडशेकाका

फोटोग्राफर म्हटला की पुढे पुढे करणारच. नवरीच्या पदरात लेन्स, भटजींच्या कानात फ्लॅश. छत्रपती संभाजीनगरात मात्र मागे मागे जाणारी एक जात अजून शिल्लक आहे. गुलमंडी, औरंगपुरा, पैठण गेट या पट्ट्यातले जुने स्टुडिओ धुंडाळलेत तर एखादा सापडेल. पोटापाशी चौकोनी डबा, डब्याला दीडशे मिलिमीटरची लेन्स आणि पाठ भिंतीला टेकलेली. आम्ही त्यांना दीडशेकाका म्हणतो.

डबा हॅसलब्लॅडचा, सहा बाय सहाच्या निगेटिव्हचा. रोल एकशेवीसचा, एका रोलमध्ये फोटो बारा. या कॅमेऱ्याची रोजच्या वापरातली लेन्स ऐंशीची. पण तिने नुसता चेहरा भरून घ्यायचा तर समोरच्याच्या अंगावर जावं लागतं आणि चेहऱ्याच्या आधी नाक पोचतं. दीडशेची लेन्स साडेचार फुटांच्या आतलं काही फोकसच करत नाही. काकांच्या मते हा तिचा दोष नव्हे, तिच्यावरचे संस्कार आहेत. "नाक लेन्समुळे नाही, अंतरामुळे मोठं होतं," हे ते चहा यायच्या आधी एकदा आणि आल्यावर एकदा ऐकवतात. 2018 साली अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठातल्या डॉक्टरांनी गणित मांडून दाखवलं, की बारा इंचांवरून काढलेल्या सेल्फीत नाक पाच फुटांवरच्यापेक्षा सुमारे तीस टक्के रुंद दिसतं. त्या बातमीचं कात्रण काउंटरच्या काचेखाली आहे. मोबाईलमधली सेल्फी घेऊन "एवढीच मोठी करून द्या" म्हणत येणाऱ्याला आधी ते वाचावं लागतं. एका गिऱ्हाइकाने ते सगळं वाचलं आणि शांतपणे सांगितलं, "चाचा, हमारी नाक ऐसीच है."

पंचाईत अशी, की स्टुडिओ बारा फुटांचा आणि चौघांचं कुटुंब एका ओळीत बसवायचं तर या लेन्सला अठरा फूट लागतात. मग कुटुंब आत पडद्यापुढे आणि काका बाहेर रस्त्यात. कॅमेऱ्यात वरून, मान खाली घालून बघायचं. जाणाऱ्या-येणाऱ्याला वाटतं, म्हातारा नमस्कार करतोय. तोही थांबून हात जोडतो, नेमका लेन्सच्या पुढ्यात. त्यात काचेवर डावं-उजवं उलटं दिसतं. काका स्वतः गोंधळत नाहीत, पण आतल्या आजोबांना "डावीकडे... नाही, तुमच्या डावीकडे" करत करत फोटोबाहेर काढतात. हॉर्न वाजत असतात. रोल आता हजाराच्या घरात गेलाय, त्यामुळे सगळं जुळेपर्यंत बटण दाबलं जात नाही. रिक्षावाले थांबतात म्हणजे ही कला टिकून आहे, असं काका समजतात.

लग्नात तर स्टेजवरचं सगळं गणगोत मावायला तीस-बत्तीस फूट मागे जावं लागतं. तिथे जेवणाची रांग असते. दोन हात कॅमेऱ्यात, तरी लोक त्यांच्याकडे प्लेटा मागतात. एकदा त्यांनी नवरीचा नुसता चेहरा काढला. दीड मीटरवरून, एफ चारवर, म्हणजे लेन्सचं भोक मोठं उघडून. या हिशेबात धारदार पट्टा जेमतेम चार सेंटिमीटरचा असतो. पापणीचा केस न् केस मोजून घ्यावा, आणि कानापाशी सगळं लोण्यासारखं विरघळलेलं. काका त्या विरघळण्यावर खूष होते. नवरीच्या आईने फोटो उजेडात धरला आणि विचारलं, "झुमके कुठंयत? तीन तोळ्यांचे होते." तेव्हापासून काका लग्नात एफ अकराच्या खाली उतरत नाहीत. कला कितीही मोठी असो, सासरच्यांना सोनं दिसलं पाहिजे.

बीबी का मकबरा मात्र त्यांचा खरा अभिमान. लोक अगदी जवळ, मोबाईलची रुंद लेन्स लावून, नवरा-बायकोला पायरीशी उभं करतात. मग मागे मिनार आगपेटीतल्या काड्यांएवढे येतात आणि वर म्हणायचं, ताजपुढे काहीच नाही. काका जोडप्याला तिथेच उभं ठेवतात, स्वतः बरेच मागे जातात. दीडशेच्या लेन्समुळे जोडपं मोबाईलमधल्याएवढंच राहतं, मकबरा त्यांच्या मागे मोठा होतो. "आग्र्याला कुणी सांगू नका," असं ते हळूच बजावतात.

एरवीही बोलताना समोरचा जवळ आला की हे सरकतात. पैठण गेटला असेच एकाशी बोलत बोलत पेरूच्या गाड्यात बसले. मुलगी बघायला गेले तेव्हाही यांनी खुर्ची मागे ओढली होती. काकू म्हणतात, "मला वाटलं नकार."

आधार कार्डावरचा फोटो बदलायला गेले तर कॅमेरा नाकापासून हातभर. काकांनी अंतराचा मुद्दा काढला. मशीनवरचं पोरगं म्हणालं, वायर एवढीच आहे. काका खुर्ची मागे घेत घेत रांगेतल्या बाईच्या पायापर्यंत गेले. स्क्रीनवर चेहरा सापडेना. काकांनी खिशातून कात्रणाची झेरॉक्स काढली. पोरगं की-बोर्डवरून मान वर न करता म्हणालं, "काका, नाकाचं राहू द्या, अंगठा द्या."