बारमाही मुठा

पावसाळ्यात पुणेकराला नदी असते. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की भिडे पूल पाण्याखाली जातो, लकडी पुलाच्या कठड्याला माणसं लगडतात आणि अमृततुल्यात बसलेला प्रत्येक जण क्युसेकच्या भाषेत बोलू लागतो. विसर्ग थांबला की प्रेम ओसरतं. डिसेंबर-जानेवारीत त्याच पुलांवरून तीच माणसं जातात, पण नाकाला रुमाल लावून.

खरं तर मुठा बघावी ती याच दिवसांत. पुराचं पाणी काय, पाहुणं. टेमघर, वरसगाव, पानशेतहून आलेलं. थंडीत धरणाचे दरवाजे बंद, शेतीचं आवर्तन कालव्याने दौंड-इंदापूरकडे, आणि प्यायचं पाणी जलवाहिनीतून पर्वतीला. नदीच्या वाट्याला काहीच नाही. तरी ती वाहते! कारण सकाळी सहापासून अख्खं शहर तिच्यासाठी राबत असतं. काही पाणी शुद्धीकरण केंद्रातून जाऊन येतं, काही थेट घरून. एक गंगा आणायला भगीरथाला तपश्चर्या करावी लागली. आम्ही नुसता फ्लश दाबला आणि मुठा बारमाही केली. या कामाचं श्रेय घेणारा फ्लेक्स अजून एकाही भावी नगरसेवकाने लावलेला नाही, हेच नवल.

पहाटे पुलांखालून पांढरी वाफ उठते. तिचे फोटो ‘आमचं पुणं, गुलाबी थंडी’ म्हणून फिरतात. हवा गार आणि सांडपाणी कोमट असलं की असं होतं, ते शाळेच्या विज्ञानात आहे. त्या वाफेत लांब गुलाबी पायांचे शेकाटे काळ्या गाळात चोच घालत निवांत फिरतात. त्यांना घाणीचं वावडं नाही. पक्षी बघून आपल्याला वाटतं, निसर्ग परत आला. शेकाट्याला वाटतं, जेवण वाढलं.

पुलांवर उंच जाळ्या बसवल्यात, निर्माल्य फेकू नये म्हणून. श्रद्धाळू माणूस स्कूटर स्टँडवर लावतो, हेल्मेट काढतो, झेंडूच्या हारांची पिशवी जाळीवरून भिरकावतो आणि नमस्कार करतो. पिशवी प्लास्टिकची, गाठ मात्र पक्की. शेजारी निर्माल्य कलश रिकामा. देवाला ट्रॅफिकमध्येही विसरलो नाही, या समाधानात स्वारी पुढे जाते.

नदीबद्दल आपण भांडत नाही असं नाही. 2021 मध्ये लकडी पुलावरून मेट्रो न्यायची म्हटल्यावर विसर्जन मिरवणुकीतले रथ तिच्याखालून जाणार कसे, यावर मोठं रणकंदन झालं. मंडळं, महापालिका, मेट्रो, सगळे पुलाच्या वर किती फूट हवेत याचा हिशेब करत होते. पुलाखाली काय वाहतं, याची मोजपट्टी कुणीच काढली नाही.

आता नदीकाठ सुधारणार आहे. 44 किलोमीटर काठ, पायवाटा, सायकलमार्ग, पायऱ्या. मार्च 2022 मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजनही झालं. मैलापाण्याच्या अकरा केंद्रांचा ‘जायका’ प्रकल्प त्याहून जुना. जपानशी त्याचा करार जानेवारी 2016 मधला. पण मैलापाण्याच्या टाकीपुढे सेल्फी कोण काढणार? पायऱ्यांचं संकल्पचित्र मात्र सुरेख दिसतं. त्यातलं पाणी निळं आहे. चित्रकाराने बहुधा पुणं पाहिलेलं नसावं.

जलपर्णी तेवढी प्रामाणिक. सांडपाण्यातल्या नत्र-स्फुरदावर पोसते आणि थंडी सरता सरता बंधाऱ्यांपाशी हिरवागार गालिचा अंथरते. मग डास. फेब्रुवारी 2024 मध्ये केशवनगर-खराडी भागात नदीवर डासांचे उंच भोवरे उठले, त्यांचे व्हिडिओ देशभर गेले. जलपर्णी काढायची आठवण प्रशासनाला त्या व्हिडिओंनी करून दिली.

आपल्याला मात्र घाई नाही, कारण हे पाणी आपल्याला प्यायचं नसतं. मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, आणि उजनीतून सोलापूर पाणी पितं. पुढच्या गावाला काय पाठवतो हे आपण विचारत नाही. त्यांच्या जलशुद्धीकरणावर आपला गाढ विश्वास आहे.

नदीपात्रात निवडणुकीच्या सभा होतात. व्यासपीठ भव्य, ध्वनिक्षेपक दणदणीत, शाल-श्रीफळ, आणि पुढ्यात खुर्च्यांच्या रांगा. पुढच्या वेळी या सभा जानेवारीत, संध्याकाळी, डासांच्या वेळेला आणि पाण्याला अगदी खेटून ठेवाव्यात. वक्त्यांना वेळेची मर्यादा नको, फक्त रुमालाला बंदी. नदीसुधारणेवरची भाषणं मग कशी दोन मिनिटांत आटपतात, ते बघा.