पीसीबी गेलाय

वॉशिंग मशीन स्पिन करेनासं झालं की मेकॅनिक झाकण उघडायच्या आधीच निदान सांगतो, "पीसीबी गेलाय," म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक सर्किट बोर्ड. मशीन बिचारं नियमानं वागत असतं. पाणी उपसलं गेल्याशिवाय, दार नीट लागल्याशिवाय ते गरगरणारच नाही. एकटी ओली सोलापुरी चादर एका बाजूला गोळा झाली, तरी तोल जातोय म्हणून अडून बसतं. फ्रंट लोडच्या खालच्या कोपऱ्यातली, पाणी उपसणाऱ्या पंपाची जाळी मात्र कुणी उघडत नाही. तिथं सेफ्टी पिन, दोन रुपयांचं नाणं, बाळाचा मोजा असा ऐवज निघतो. पण नाणं काढून देण्याचे हजारो रुपये मागणार कसे? पीसीबीचे मागता येतात. शिवाय जुना पीसीबी मेकॅनिक 'टाकून द्यायला' सोबत घेऊन जातो, तेही फुकट!