सुरतेत जोडा भिरकावणाऱ्यास

कुंडल, जि. सांगली

जोडेवाले महाशय,

तुमचं नाव इतिहासाला सापडलं नाही, म्हणून जोड्याच्या ओळखीवर लिहितो. २७ डिसेंबर १९०७, सुरतेचं काँग्रेस अधिवेशन. इंग्रज पत्रकार नेव्हिन्सन समोरच होता, त्याने तो जोडा नीट पाहिला. मराठी घाटाचा, तांबड्या कातड्याचा, टोकाला निमुळता, तळाला शिसं ठोकलेला. सुरेंद्रनाथ बॅनर्जींच्या गालावर बसला आणि तिथून उडून फिरोजशहा मेहतांना लागला. एका फेकीत दोन पुढारी! शाबास. सरकारी अंमलदार मात्र एकही नाही.

घाट मराठी, तेव्हा तुम्ही आमच्याच मुलखातले आणि जहालांच्या बाजूचे, असा माझा समज आहे. भांडायला कारण होतं, हे मान्य. अधिवेशन नागपूरहून सुरतेला हलवलं मवाळांनी, तेही टिळकांचं बळ तिथे कमी म्हणून. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण हे कलकत्त्याचे ठराव पातळ होतील, ही भीतीही होती. टिळक व्यासपीठावर बोलायला गेले, तर बोलू देईनात. संताप यायलाच हवा होता. पण लोक काठ्या-खुर्च्या घेऊन टिळकांवर धावले, तेव्हा त्यांना वाचवायला दोन्ही हात पसरून शेजारी कोण उभं राहिलं, ठाऊक आहे? गोखले! पुण्यात वर्षानुवर्षं ज्यांच्याशी टिळकांचं पटलं नाही, तेच गोखले.

शेवटी मांडव रिकामा केला पोलिसांनी. काँग्रेस दुभंगली आणि सहा महिन्यांत टिळकांना अटक झाली. सहा वर्षांची शिक्षा, मंडाले. फुटलेल्या घरातला माणूस उचलायला सरकारला किती सोपं गेलं, बघा.

मतभेद पुढेही झाले. आमच्या कुंडलच्या जी. डी. बापू आणि कॅप्टन भाऊ लाडांनी ७ जून १९४३ ला शेणोलीजवळ इंग्रज सरकारच्या पगाराची रेल्वेगाडी अडवली. पुढच्या वर्षी गांधीजींनी भूमिगतांना प्रकट व्हायला सांगितलं. इंग्रजांविरुद्ध उभारलेल्या त्यांच्या प्रतिसरकारातल्या बहुतेकांना ते पटलं नाही, त्यांनी ऐकलंही नाही. पण त्यांची लढाई इंग्रजांशीच राहिली.

तुमच्या काँग्रेसमधले जहाल आणि मवाळ १९१६ साली लखनौला पुन्हा एका मांडवात आले. टिळक होते. गोखले आणि मेहता १९१५ सालीच गेले होते. त्या मांडवात तुम्ही होतात का? असलात तर कोणाच्या शेजारी बसलात?

कुंडलचा एक रहिवासी