शाळा सुधारणा उपसमितीचा अहवाल

न्यू जर्सीत राहणारा आमचा एक मावसभाऊ गेल्या नोव्हेंबरात तिथल्या स्कूल बोर्डावर निवडून आला. पगार नाही, मानधन नाही, गाडी नाही, गाडीवर दिवा नाही. तरीही पठ्ठ्याने अंगणाअंगणांत स्वतःच्या नावाच्या पाट्या रोवल्या, घरोघर हात जोडले आणि निकालाच्या रात्री खानदानाच्या व्हॉट्सअॅप गटावर फोटोंचा पूर आणला. तिथे उमेदवाराचं वय अठरा असावं, मतदारयादीत नाव असावं आणि गावात वर्षभर वास्तव्य असावं, एवढ्यावर भागतं. मूल त्या शाळेत असलंच पाहिजे असं नाही. मूल असलंच पाहिजे असंही नाही.

हे फोटो फिरत फिरत बंगळुरूतल्या सर्जापूर रस्त्यावरच्या आमच्या गृहसंकुलात पोचले आणि खळबळ माजली. तिला तसंच कारण होतं. बंगळुरूकराला निवडणुकीचा वासही राहिलेला नव्हता. महापालिकेची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, त्यानंतर पाच वर्षं शहरात नगरसेवक नावाचा प्राणी औषधालाही उरला नाही. मग सरकारने २०२५ मध्ये खोल विचार करून एका महापालिकेच्या पाच महापालिका केल्या. म्हणजे जिथे एक निवडणूक खोळंबली होती तिथे पाच खोळंबल्या. अशा शहरात कुठे खुर्ची मोकळी आहे असं नुसतं ऐकलं तरी सुशिक्षित माणूस बायोडाटा काढून बसतो.

खुर्ची सापडली ती संकुलाच्या मागच्या भिंतीपलीकडे. तिथे गाव आहे. गाव आधीपासून होतं, संकुल नंतर आलं. पण फोनवरच्या नकाशात संकुलाचं नाव ठळक आहे आणि गावाचं बोटांनी मोठं करावं लागतं. त्या गावात सरकारी कन्नड प्राथमिक शाळा आहे, आणि कर्नाटकातल्या सरकारी शाळांना असते तशी तिला एसडीएमसी आहे, म्हणजे शाळा विकास आणि देखरेख समिती. ‘देखरेख’ हा शब्द ऐकताच आमच्या सचिवांचे डोळे चमकले. संकुलातला पोहण्याचा तलाव, कुत्री, पाहुण्यांच्या गाड्या आणि भाडेकरूंची लग्नाची स्थिती यांवर देखरेख करून करून त्यांचा हात चांगला बसलेला आहे.

सचिव आमचेच, मराठी. शहाजीराजांना १६३८ मध्ये बंगळुरूची जहागीर मिळाली तेव्हापासून आपण इथले, असं ते गणेशोत्सवाच्या भाषणात दरवर्षी सांगतात. स्वतः २०१६ मध्ये हिंजवडीहून बदली होऊन आले. कन्नड एवढंच येतं की आपल्याला कन्नड येत नाही हे कन्नडमधून सांगता यावं. तर त्यांच्या अध्यक्षतेखाली शाळा सुधारणा उपसमिती नेमली गेली. एक प्रॉडक्ट मॅनेजर, एक निवृत्त बँक अधिकारी, एक मानवी संसाधनवाल्या बाई, आणि एक गृहस्थ ज्यांची पत्नी त्यांना घरात बसू देत नाही. शिक्षणक्षेत्रातला अनुभव विचारल्यावर चौघांनीही आपण शाळेत गेलो असल्याचं सांगितलं.

जाहीरनामा सादरीकरणाच्या रूपात तयार झाला. त्यात स्मार्ट बोर्ड होता, कोडिंग होतं, रोबो होता, श्वासावर लक्ष देण्याचं सत्र होतं आणि शेवटच्या पडद्यावर हसणारी मुलं होती, जी तपासाअंती केनियातली निघाली. पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्यातल्या जालिंदरनगरच्या जिल्हा परिषद शाळेचंही एक पान होतं. बंद पडायला आलेली ती शाळा गुरुजी आणि गावकरी यांनी मिळून उभी केली आणि २०२५ मध्ये जगातल्या सर्वोत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकपसंतीचा पुरस्कार तिने पटकावला. पान संपल्यावर प्रॉडक्ट मॅनेजरनी एकच प्रश्न विचारला, “त्यांनी कुठली एजन्सी नेमली होती?”

भिंत रंगवण्याचा ठराव मात्र मागे घ्यावा लागला, कारण जागा शिल्लक नव्हती. दोन टक्के नफा समाजकार्याला द्यायची सक्ती कंपन्यांवर झाली तेव्हापासून शहराच्या आसपासच्या सरकारी शाळांवर दर वर्षअखेरीस रंगाचे हल्ले होतात. मार्चच्या आत पैसे संपवायचे असतात. एक कंपनी येऊन फुलपाखरू काढते, दुसरी त्यावर सूर्यमाला काढते, तिसरी सूर्यमालेवर स्वतःचं बोधचिन्ह काढते. सगळे सारख्या रंगाचे टीशर्ट घालून फोटो काढतात आणि जेवणाच्या सुट्टीआधी निघून जातात. मुलं त्या दिवशी अंगणात बसतात, वर्गात रंगाचा वास असतो म्हणून. रंगाच्या बाबतीत सरकारही हात आखडता घेत नाही म्हणा. नोव्हेंबर २०२२ मध्ये ‘विवेक’ योजनेतल्या ७,६०१ नव्या वर्गखोल्या भगव्या रंगवायचं घाटलं. तिरंग्यात भगवा आहेच की, मग बिघडलं काय, असं तेव्हाचे मुख्यमंत्री बसवराज बोम्मई म्हणाले. रंगावर चर्चासत्रं झडली. त्या खोल्यांत शिकवायला कोण उभं राहणार, याला कुठलाच रंग नसल्यामुळे त्यावर चर्चा झाली नाही.

उपसमिती शाळेत गेली ती अशा तयारीनिशी. मुख्याध्यापिकाबाईंनी सादरीकरण पूर्ण पाहिलं. त्या अशा गोष्टींना सरावलेल्या दिसल्या. मग त्यांनी चष्मा वर करून विचारलं, “निम्म मगु एष्टने क्लासु?”

सचिवांनी आपल्याला कन्नड येत नसल्याचं कन्नडमधून सांगितलं. तेव्हा बाईंनी तोच प्रश्न इंग्रजीतून विचारला. तुमचं मूल कितवीत आहे?

कोणतं मूल?

आमच्या शाळेतलं, बाई म्हणाल्या.

इथे वाचकांना थोडा कायदा सांगणं भाग आहे, कारण उपसमितीला तो मावसभावाने सांगितला नव्हता. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं एकविसावं कलम म्हणतं की शाळेच्या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. पालक म्हणजे त्या शाळेत शिकणाऱ्या मुलांचे. महाराष्ट्रात तिला शाळा व्यवस्थापन समिती म्हणतात आणि तिथे बारा ते सोळा सदस्य असतात. शाळेच्या कामावर लक्ष ठेवणं, विकास आराखडा करणं, अनुदान कुठे गेलं ते पाहणं ही कामं कायद्यानेच दिलेली आहेत. कर्नाटकाने तर कायद्याचीही वाट पाहिली नव्हती. एस. एम. कृष्णा मुख्यमंत्री असताना राजा रामण्णांच्या कृतिदलाने शिफारस केली आणि २००१ मध्येच एसडीएमसी अस्तित्वात आल्या. हे तेच रामण्णा, १९७४ च्या पोखरण स्फोटामागचे. मात्र अणुबाँबइतकी खळबळ पालकांच्या हाती शाळा देण्याने माजली नाही, कारण ज्यांनी खळबळ माजवायची त्यांची मुलं त्या शाळांत नव्हतीच.

तर अट एवढीच. पदवी विचारलेली नाही, मालमत्ता विचारलेली नाही, इंग्रजी विचारलेलं नाही. पोटचं पोर त्या फरशीवर बसवा आणि मग खुशाल सुधारणा सुचवा. ही अट ज्याने घातली तो अत्यंत खवचट माणूस असला पाहिजे. आम्हाला त्याचा सत्कार करायला आवडेल.

उपसमितीने सहजासहजी हार मानली नाही. ड्रायव्हरचा मुलगा चालेल का, त्याच्या वह्या आम्हीच घेतो. पुतण्या चालेल का? नाव इथे घालून मूल तिथेच ठेवता येईल का? बाईंनी संगणकावरची सॅट्स नावाची यादी दाखवली, जिच्यात प्रत्येक मुलाला क्रमांक असतो. निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी रजनीकांतचा दाखला दिला. शिवाजीराव गायकवाड नावाचं मराठी पोर, याच शहरातल्या गवीपुरमच्या सरकारी कन्नड शाळेत शिकलं, पुढे कुठच्या कुठे गेलं! मग घालूया का आपलं एखादं, असं कुणीतरी विचारताच ते म्हणाले, त्याच्या वडिलांची गोष्ट वेगळी, ते हवालदार होते.

या बाबतीत न्यायालयानेही एकदा हात पोळून घेतलाय. ऑगस्ट २०१५ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती सुधीर अगरवाल यांनी फर्मावलं की सरकारी तिजोरीतून पगार घेणाऱ्यांनी आपली मुलं सरकारी प्राथमिक शाळांतच घालावीत. नाही घातली तर खासगी शाळेत जेवढी फी भरता तेवढी सरकारजमा करा. मुख्य सचिवांना सहा महिन्यांची मुदत दिली. त्या मुदतीला तेव्हा पोरगं झालं असतं तर ते एव्हाना शाळेत असतं. अर्थातच खासगी शाळेत.

बेळगाव-खानापूरकडे आपलं मूल त्या शाळेत आहे का, हा प्रश्न येत नाही. तिथल्या मराठी शाळांत एसडीएमसीचा अध्यक्ष निवडायचा म्हणजे गावच्या पंचांना रात्र जागवावी लागते. निवड झाली की फेटा, हार, चौकात फलक आणि वर्तमानपत्रात ‘बिनविरोध’. पालक म्हणजे सगळीच देवमाणसं, असंही कुणी समजू नये. अझीम प्रेमजी फाउंडेशनने २०२४ मध्ये करार करून राज्यातल्या शाळांत आठवड्याचे सहा दिवस अंडी द्यायची सोय केली, तर मंड्या जिल्ह्यातल्या आलकेरे गावात दुसऱ्या वर्षी देवळाजवळच्या शाळेत अंडं उकडू नये म्हणून पालकांनी मुलांचे दाखले काढून नेले. चुका त्यांच्याही आहेत. पण त्या चुकांची किंमत त्यांच्याच पोरांच्या ताटात पडते, एवढा फरक आहे.

असो. मुख्याध्यापिका म्हणाल्या, सदस्य नाही होता येणार, पण सूचना देऊ शकता; अध्यक्षांना भेटा. अध्यक्ष शनिवारी दुपारी भेटतात, कारण इतर दिवशी त्यांना कामावरून सुटी नसते. उपसमितीने शनिवारी वेळ घेतली. अध्यक्ष आल्या तेव्हा सचिवांनी सवयीने त्यांना मागच्या जिन्याने जायला सांगितलं. बी टॉवरचा सातवा ते बारावा मजला त्याच पुसतात. कामावर येता-जाता फाटकावर त्यांची पिशवी तपासली जाते, हा ठराव सचिवांनीच मांडलेला.

आणि पहिल्यांदाच कळलं की बाई भालकीकडच्या, बिदर जिल्ह्यातल्या. घरात मराठी बोलतात. आम्ही इतकी वर्षं त्यांच्याशी हिंदी, इंग्रजी आणि हातवारे यांच्या मिश्रणातून बोलत होतो.

“बसा की साहेब,” त्या म्हणाल्या. “माजी दोन हायत शाळेत. एक चौथीत, एक सहावीत. तुमचं लेकरू कोणत्या वर्गात हाय?”

मानवी संसाधनवाल्या बाईंनी विषय बदलून आराखड्याबद्दल विचारलं. अध्यक्षबाईंनी वही काढली. शंभराच्या आत पट असलेल्या त्या शाळेला समग्र शिक्षा अभियानातून वर्षाला पंचवीस हजार रुपये मिळतात. खडू, दुरुस्ती, साफसफाई, नळाची तोटी सगळं त्यातच. कोणती तोटी कधी बदलली, ते वहीत होतं. आमच्या संकुलात लॉबीतल्या कुंड्यांचं भाडं याहून जास्त आहे, पण त्याची वही सापडत नाही. पालकांकडून वर्गणी का काढत नाही, असं बँक अधिकाऱ्यांनी विचारलं. त्यावर बाई हसल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये खात्यानेच परिपत्रक काढलं होतं, एसडीएमसीने पालकांकडून महिना शंभर रुपये ऐच्छिक घ्यावेत म्हणून. राज्यभर बोंब झाली आणि काही दिवसांतच कागद मागे गेला. फुकट शिक्षणाची वर्गणी गरिबाकडून काढायची, ही कल्पना दुसऱ्यांदा सुचवणारे बँक अधिकारी पहिलेच.

स्मार्ट बोर्ड देणार असाल तर द्या, बाई म्हणाल्या, कपाटात अजून एक मावंल. गणिताला मास्तर नाही, त्यासाठी बीईओच्या, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या, ऑफिसात चला आमच्यासंगं, तुमचं इंग्रजी ऐकतील. उपसमितीला त्या दिवशी स्टँडअप मीटिंग होती. प्रत्येक दिवशी असते.

मग बाईंनी खरी मागणी सांगितली. गावातून शाळेकडे जाणारी जुनी गाडीवाट होती. ती आता संकुलाच्या भिंतीच्या आत आलीय. पोरं वळसा घालून मोठ्या रस्त्याने येतात, पाण्याच्या टँकरांच्या मधून. मागच्या बाजूला कचऱ्याच्या गाडीसाठी फाटक आहेच. ते सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास उघडं ठेवा. पैसे नकोत.

शाळेला काहीही द्यायला तयार असलेल्या संकुलाच्या इतिहासात एवढी गंभीर सर्वसाधारण सभा झाली नव्हती. लहान मुलं आत आली तर मोठी होऊन परत येतील, अशी एकाला भीती वाटली. फ्लॅटच्या किमतीवर परिणाम होईल असं दुसऱ्याने आकडे न देता सिद्ध केलं. तिसऱ्याने विचारलं की आपल्या मुलांना त्या मुलांची सवय लागली तर? शेवटी विषय सुरक्षा उपसमितीकडे गेला. तिने चेहरा ओळखणाऱ्या यंत्रासाठी कोटेशनं मागवली. यंत्राला वाढत्या वयाची मुलं ओळखता येत नाहीत म्हणून दर सहा महिन्यांनी नवे फोटो लागतील, असं विक्रेत्याने कळवलं आहे. विषय विचाराधीन आहे.

दरम्यान स्मार्ट बोर्ड आला. उद्घाटन बुधवारी ठेवलं, कारण छायाचित्रकार त्याच दिवशी मोकळा होता. अध्यक्ष म्हणून बाईंचं नाव निमंत्रणपत्रिकेत छापलं, ठळक अक्षरांत. त्यांनी दोन तासांच्या सुटीचा अर्ज केला तो आमच्याच व्यवस्थापन समितीपुढे आला. अर्ज सात दिवस आधी यायला हवा होता. तो पाच दिवस आधी आल्यामुळे सचिवांनी नियमानुसार फेटाळला आणि तयार होऊन उद्घाटनाला गेले.